पस्तीस बाळंतपणे आणि एक मुलगा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील फूलबाजारात पहाटेपासून झेंडूचे ढीग लागतात. पुण्याचे आणि फुलांचे नाते मात्र या बाजारापेक्षा कितीतरी जुने आहे. साताऱ्याकडच्या कटगुण गावाहून आलेले गोऱ्हे नावाचे एक माळी कुटुंब पेशवाईच्या काळात दरबाराला फुले पुरवू लागले आणि त्या धंद्यावरूनच त्याला फुले हे आडनाव मिळाले. याच घराण्यात पुढे जोतीराव जन्मले आणि सावित्रीबाई सून म्हणून आल्या. मार्केट यार्डापासून फारसे दूर नसलेल्या गंज पेठेतील त्यांच्या वास्तूला आज शाळकरी मुलांच्या सहली भेट देतात. पहिल्या मुलींच्या शाळेची, अंगावर झेललेल्या शेणाची आणि चिखलाची हकीकत मुलांना सांगितली जाते. ती सांगायलाच हवी. पण जुन्या गंज पेठेतील ३९५ क्रमांकाचे हे आवार वीस वर्षांहून अधिक काळ एक गुप्त प्रसूतिगृह होते, आणि त्याचा सारा भार जिच्यावर होता त्या बाईला स्वतःचे मूल झाले नव्हते, हा भाग बहुधा दोन वाक्यांत उरकला जातो.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे, खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. सासरी सासूबाई नव्हत्या. जोतीराव वर्षाचेही झाले नसतील तोच त्यांची आई चिमणाबाई वारल्या होत्या. त्यांना वाढवले ते सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील बालविधवेने. सगुणाबाई एका मिशनऱ्याकडे अनाथ मुलांना सांभाळण्याचे काम करीत असत. चरित्रग्रंथांत सगुणाबाईंच्या वाट्याला थोडीच पाने येतात, पण या घराचा पुढचा सारा इतिहास समजून घेण्यासाठी त्यांना विसरून चालत नाही. जन्म न देता आई होता येते, हे या घराने आधी सगुणाबाईंच्या रूपाने पाहिले होते. सावित्रीबाई आणि सगुणाबाई या दोघींनी जोतीरावांकडून अक्षरे गिरवली. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. १८५२ मध्ये सरकारने जाहीर समारंभात जोतीरावांचा सत्कार केला. हा सगळा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे.

परिचयाचा नाही तो या काळातील घरातला ताण. लग्नाला दहा वर्षे झाली, पंधरा झाली, तरी पाळणा हलला नाही. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात याचा एकच अर्थ लावला जाई आणि त्यासाठी एकच शब्द होता, वांझ. शुभकार्यात अशा स्त्रीला मागे उभे राहावे लागे. उपासतापास, नवस, अंगारे झाले की घरातील वडीलधारी मंडळी शेवटचा उपाय सुचवीत, तो म्हणजे मुलाचे दुसरे लग्न. जोतीरावांनाही हा उपाय सुचवण्यात आला. त्यावरचा त्यांचा युक्तिवाद चरित्रकारांनी नोंदवला आहे. मूल नसण्याचा दोष पुरुषातही असू शकतो, आणि तसे असेल तर बायकोने दुसरा नवरा करून सवत आणावी तसा सवता आणला तर नवऱ्याला कसे वाटेल, असा तो सवाल होता. आज पुण्यातील कोणत्याही वंध्यत्व उपचार केंद्रात गेले की पतिपत्नी दोघांच्याही तपासण्या एकदमच सांगितल्या जातात. तरीसुद्धा पहिल्या भेटीला सून आणि सासूच येतात आणि मुलगा कामावर असतो, हे चित्र अजून पुरते पुसले गेलेले नाही. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने अशा केंद्रांवर जोडप्याचे समुपदेशन करण्याची जबाबदारीच टाकली आहे. दीडशे वर्षांपूर्वी सावित्रीबाईंसाठी असे समुपदेशन करणारा एकच माणूस होता, आणि तो त्यांचा नवरा होता.

१८६३ च्या सुमारास एक प्रकरण घडले. जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. ओळखीतल्याच एका शास्त्र्याने तिला नादी लावले आणि ती गरोदर राहिल्यावर हात वर केले. गर्भ पाडण्याचे सारे उपाय फसले. मूल जन्मले तेव्हा भेदरलेल्या काशीबाईने त्या अर्भकाचा जीव घेतला. गुन्हा उघडकीस आला, खटला चालला आणि तिला काळ्या पाण्याची, म्हणजे अंदमानात जन्मठेपेची, शिक्षा झाली. शास्त्रीबुवांना कोणी हात लावला नाही. फुले दांपत्याला हे प्रकरण जिव्हारी लागले. अशा काशीबाया पुण्याच्या वाड्यावाड्यांतून होत्या. बालपणी लग्न, न कळत्या वयात वैधव्य, केशवपन, आणि त्यानंतर त्याच घरात दीर, सासरा किंवा येणाराजाणारा पाहुणा यांच्या तावडीत सापडणे, हा क्रम सर्वांना ठाऊक होता. त्याविषयी बोलायची मात्र चाल नव्हती.

त्यातून बालहत्या प्रतिबंधक गृह उभे राहिले, तेही स्वतःच्या राहत्या घरात. वेगळी इमारत नाही, सरकारी अनुदान नाही. विधवांनी येथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा येथेच ठेवावे, तो निर्णय सर्वस्वी त्यांचा, ठेवलेल्या मुलांचे संगोपन होईल, अशा आशयाच्या जाहिराती छापून ब्राह्मण वस्तीत भिंतींवर लावण्यात आल्या. माळ्याच्या घराने ब्राह्मण विधवांना बाळंतपणासाठी बोलावणे हे त्या काळात केवढे धाडस होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. आणि येणारीच्या धाडसाचे काय? ज्या घराच्या पाण्याला शिवायचे नाही असे लहानपणापासून शिकवले गेले, त्याच घरात तिला महिनोन्महिने राहायचे, जेवायचे आणि बाळंत व्हायचे होते.

या गृहाविषयीचे कागद जोतीरावांच्या नावाने आहेत. हे त्या काळाला धरूनच झाले. पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला प्रवेश नसे, हेही त्या काळाला धरूनच होते. दारात आलेल्या बाईला आत घेणे, तिला काही न विचारणे, वेणा सुरू झाल्यावर रात्रभर तिच्याजवळ बसणे, शेक-शेगडी, न्हाऊमाखू, तान्ह्याला दूध मिळते की नाही हे पाहणे, ही सगळी कामे सावित्रीबाईंची होती. आजच्या प्रसूतिगृहात डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, समाजसेविका आणि आया मिळून जे करतात ते येथे मुख्यतः एका बाईवर होते. ज्या समाजाने तिला वांझ म्हटले, त्याच समाजाने टाकलेल्या गरोदर स्त्रियांची ती सुईण झाली.

पुढे बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यासंबंधीच्या टिपणांवर सरकारने मते मागवली, तेव्हा ४ डिसेंबर १८८४ च्या आपल्या निवेदनात जोतीरावांनी या गृहाची आकडेवारी दिली. तोवर तेथे पस्तीस गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती. तीस दगावली होती. गर्भ लपवण्यासाठी किंवा पाडण्यासाठी मातांनी पोटात घेतलेल्या विषारी औषधांनी ही मुले गर्भातच जायबंदी झाली होती, असे कारणही त्यांनी नोंदवले आहे.

या आकड्यांपाशी थोडे थांबायला हवे. एकवीस वर्षांत पस्तीस, म्हणजे वर्षाला दोनही नाहीत. संस्थेचा अहवाल म्हणून पाहिले तर हे यश नव्हे. बहुतेक बाया शेवटचा मार्ग म्हणून आल्या असणार, आधी झाडपाला, वैदूची मात्रा आणि कुणाकुणाचे काढे पोटात घेऊन. सावित्रीबाईंच्या हातात मूल येई ते बहुतेक वेळा न जगणारे. मूल हवे असूनही न झालेल्या बाईने मूल नको असलेल्या बायांच्या उशाशी बसावे आणि तीस वेळा ते मूल गेलेले पाहावे! त्यांच्या पत्रांत किंवा कवितांत या दुःखाचा उच्चार सापडत नाही. पण दार बंद झाले नाही. बाळ जगले नाही तरी आई विहिरीत गेली नाही आणि अंदमानातही गेली नाही, हा हिशेब त्यांनी धरला असावा.

या साऱ्या कामामागची वृत्ती कशी होती ते २९ ऑगस्ट १८६८ च्या एका पत्रातून दिसते. सावित्रीबाई तेव्हा नायगावला माहेरी होत्या. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले होते आणि सारजाला सहावा महिना होता. गावकऱ्यांनी दोघांना मारहाण करीत गावातून फिरवले आणि ठार मारण्याचा बेत केला. हे कळताच सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून त्यांनी जमावाला थोपवले आणि दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले. पत्रात ही हकीकत कसलाही आव न आणता, घरातली एखादी गोष्ट कळवावी तशी कळवली आहे. गरोदर बाई ब्राह्मण की महार, विधवा की कुमारिका, हा प्रश्न त्यांच्या दाराशी विचारला जात नव्हता.

१८७४ च्या सुमारास आणखी एक ब्राह्मण विधवा जीव द्यायला निघालेली असताना जोतीरावांना भेटली आणि ते तिला घरी घेऊन आले. योगायोग असा की हिचेही नाव काशीबाईच होते. दोन्ही काशीबाई एकच समजण्याची चूक अनेक लेखांत होते. तिला मुलगा झाला आणि तो जगला. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी त्याला दत्तक घेतले, यशवंत नाव ठेवले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे दत्तकविधान टिकणारे नव्हते. दत्तक मूल आपल्याच जातीचे हवे, ते रीतसर कोणीतरी दिलेले हवे, असा नियम होता. येथे बाप निनावी, आई विधवा, मूल ब्राह्मणाचे आणि घेणारे माळी. दत्तकाला जातीची अट नसावी हे कायद्याने मान्य केले ते १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने. पुण्यात दत्तकाचे काम करणारी, ससून रुग्णालयाशी संलग्न असलेली 'सोफोश' ही संस्था स्थापन झाली तीही १९६४ मध्ये. फुल्यांच्या घरात पाळणा त्याच्या कितीतरी आधी हलला होता.

मूल घरात आणणे एक वेळ सोपे. समाजाने त्याला मुलगा मानणे ही खरी परीक्षा असते आणि ती लग्नात आणि मरणात होते. यशवंताच्या जन्माची कथा सर्वांना ठाऊक असल्याने त्याला मुलगी द्यायला कोणी सहजासहजी तयार होईना. अखेर हडपसरचे सत्यशोधक कार्यकर्ते ग्यानोबा कृष्णाजी ससाणे पुढे आले आणि ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांच्या मुलीशी यशवंताचे लग्न झाले. नवरा-बायकोने एकमेकांना ओळखावे म्हणून मुलीला लग्नाआधीच घरी आणून ठेवण्यात आले होते, ही सावित्रीबाईंची सासू म्हणून रीत. जोतीरावांनी १८८७ मध्येच मृत्युपत्र करून यशवंताला वारस नेमले होते. मात्र तो शिकला नाही आणि वाया गेला तर मिळकत शूद्र समाजातील एखाद्या लायक मुलाला द्यावी, अशीही तजवीज त्यात होती. रक्ताच्या नात्याने हक्क मिळत नाही, तसा दत्तकाच्या कागदानेही तो आपोआप मिळत नाही, हा बापाचा कडवा न्याय होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. मिठात पुरावे ही त्यांची इच्छा वस्तीतील जागेमुळे पूर्ण होऊ शकली नाही आणि दहन करण्याचे ठरले. प्रेतापुढे टिटवे धरायचे कोणी, यावरून पुतण्यांनी वाद घातला. टिटवे धरील तो वारस, आणि यशवंत हा त्यांच्या लेखी परका. प्रेत दारात आणि भाऊबंद भांडणावर आलेले, अशा वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. अग्नीही त्यांनीच दिला. या प्रसंगाकडे स्त्रीहक्काची पहिली ठिणगी म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे, पण मला त्यात आधी एक आई दिसते. मुलाच्या मुलगेपणावर भर रस्त्यात शंका घेतली गेली आणि तिने तो वादच त्याच्या डोक्यावरून आपल्या हातात घेतला.

यशवंत शिकला, डॉक्टर झाला आणि सैन्यात नोकरीला लागला. सून १८९५ मध्ये वारली. सावित्रीबाई सत्यशोधक समाजाचे काम पाहत होत्या. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग पसरला आणि त्यांनी यशवंताला बोलावून घेतले. हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना उघडला. डॉक्टर मुलगा आणि रुग्ण आणणारी आई अशी ती व्यवस्था होती. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत वाहून नेले. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट होते. पांडुरंग वाचला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांचे निधन झाले.

यशवंतही पुढे १९०५ मध्ये प्लेगनेच गेला.