स्वामी मुक्तानंद आणि एका नावाची नोंदणी

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीला आपण जातो ते उष्ण कुंडांसाठी आणि भगवान नित्यानंदांच्या समाधीच्या दर्शनासाठी. याच गावातून परदेशी गेलेले एक नाव अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंदले गेले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ते नाव ‘सिद्धयोग’, आणि ते तिकडे नेणारे स्वामी मुक्तानंद.

त्यांचा जन्म १९०८ सालचा, मंगळूरजवळचा. शाळकरी वयात नित्यानंदांची गाठ पडली आणि लवकरच मुलाने घर सोडले. हुबळीस सिद्धारूढांच्या मठात अध्ययन, मग देशभर भ्रमंती; आपल्या येवल्यासही त्यांचा मुक्काम होता. देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, नित्यानंदांनी त्यांना दीक्षा दिली. १९५६ मध्ये गुरूंनी गावदेवीपाशी तीन खोल्यांची जागा दिली. त्या खोल्यांचाच पुढे आश्रम झाला.

१९७० मध्ये ते प्रथम परदेशी गेले. १९७४ च्या दुसऱ्या यात्रेत अमेरिकेत एसवायडीए फाउंडेशन ही संस्था निघाली आणि ‘सिद्धयोग’ हे संस्थेचे नोंदणीकृत चिन्ह झाले. सिद्धांची परंपरा तर शतकांची. मग शब्दावर एकाच संस्थेचा हक्क कसा? मलाही हे प्रथम खटकले. पण नोंदणीने साधना कोणाच्या मालकीची होत नाही. त्या नावाने दुसऱ्या कोणी शिबिरे भरवून लोकांची दिशाभूल करू नये, एवढाच तिचा अर्थ. आणि तोही त्या देशापुरताच. दुसऱ्या देशात संरक्षण वेगळे मागावे लागते. अनेक देशांसाठी एकच अर्ज करण्याची माद्रिद व्यवस्था भारताने स्वीकारली ती २०१३ मध्ये. गंमत अशी, की आपला १९५८ चा कायदा फक्त मालाच्या चिन्हांचा होता. शिबिरासारख्या सेवेचे नाव नोंदण्याची सोय येथे २००३ मध्ये झाली. अमेरिकेत ती १९४६ च्या कायद्यानेच होती.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी गणेशपुरीत मुक्तानंदांनी देह ठेवला. पुढल्याच वर्षी त्यांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप अमेरिकेत छापून आले. परक्यांना अडवणारी नोंदणी येथे काय करणार? त्यांनी नेमलेल्या वारस भाऊ-बहिणींपैकी भाऊ १९८५ मध्ये बाजूला झाला. गादी बहिणीकडे राहिली, नाव संस्थेकडे. मुक्तानंदांची समाधी गणेशपुरीच्या आश्रमातच आहे.