विश्लेषण : ‘राजा’ केळकर कोणत्या संस्थानचे राजे होते? चष्म्याचा व्यवसाय करणाऱ्या कवीने वीस हजार वस्तूंचा संग्रह कसा उभा केला?

पुण्यात बाजीराव रस्त्यावरून नातूबागेकडे वळले, की राजा दिनकर केळकर संग्रहालयाची पाटी दिसते. नाव वाचून बाहेरगावच्या अनेकांचा समज होतो, की केळकर नावाचे कोणी संस्थानिक होऊन गेले असावेत आणि आत त्यांच्या राजवाड्यातला खजिना मांडला असावा. प्रत्यक्षात दिनकर केळकर राजे नव्हते आणि सरदारही नव्हते. ते कविता लिहीत आणि व्यवसाय चष्म्याचा करत. पाटीवरचे ‘राजा’ हे बिरुद नाही, त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलाचे ते नाव आहे. मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव, अशी ही आपल्याकडची साधी नाव लिहिण्याची रीत आहे.

हौसेने जुन्या वस्तू, चित्रे, पितळी दिवे जमवायला लागलेल्या तरुणांची संख्या समाजमाध्यमांवर सध्या भरपूर दिसते. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, की यासाठी किती पैसे लागतात? त्याचे उत्तर केळकरांच्या आयुष्यात बऱ्यापैकी मिळते.

कोण होते दिनकर केळकर?

जन्म १० जानेवारी १८९६ चा. मराठी कवितेच्या वाचकांना ते ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने माहीत होते, पुण्यात काकासाहेब म्हणून. चष्म्याच्या व्यवसायामुळे शहरातल्या नाना घरांतल्या माणसांशी त्यांचा संबंध येई. चाळिशी लागली की सरदार असो वा कारकून, चष्मा सगळ्यांनाच लागतो. पेशवाई १८१८ मध्ये संपली, त्याला तेव्हा शंभर वर्षे होऊन गेली होती. जुन्या घराण्यांचे वाडे उभे होते, उत्पन्न मात्र आटले होते.

साधारण १९२० च्या सुमारास केळकरांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते.

त्या काळात वस्तू मिळत कशा?

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळी गोम इथेच आहे. घरातल्या वस्तूच्या आयुष्यात एक विचित्र मधला काळ येतो. ती वापरातून गेलेली असते आणि तिला ‘पुरातन’ ही पदवी अजून मिळालेली नसते. लामणदिव्याचेच पाहा. रॉकेलचा कंदील आला, मग विजेचा दिवा आला आणि साखळीला टांगलेला पितळी दिवा माळ्यावर गेला. पुढे कधी तरी सणासुदीच्या साफसफाईत तो खाली काढला जातो, आणि दारात मोडवाला उभा असतो. मोडीत पितळेला भाव वजनावर मिळतो. दिव्यावर मोर कोरला आहे की हत्ती, याला तराजूत वजन नसते. दिवा भट्टीत जातो, त्याचा तांब्या होतो.

केळकर ज्या बाजारात उतरले तिथे त्यांचा मुख्य स्पर्धक दुसरा संग्राहक नव्हता, ही भट्टी होती. मोडीच्या भावापेक्षा थोडे जास्त देण्याची तयारी आणि दिव्याकडे दिवा म्हणून बघण्याची नजर, एवढ्या भांडवलावर तिथे काम सुरू करता येत होते.

त्याच काळात महाराष्ट्रात एक खराखुरा राजाही कलासंग्रह करत होता. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये औंधला उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत, युरोपीय कलाकृती आहेत, हेन्री मूर यांचे शिल्पही आहे. तो संग्रह मोठाच आहे. पण तिथे जे आहे ते ‘कला’ म्हणून आधीच मान्यता पावलेले होते. केळकरांना ती चैन परवडणारी नव्हती. त्यामुळे ज्याला कोणी कला म्हणत नव्हते, तिकडे ते वळले. तुटपुंज्या खिशाने त्यांना जास्त मौलिक दिशा दाखवली, असे आता मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते.

त्यांनी नेमके काय जमवले?

समया, लामणदिवे, दौती, कलमदाने, कुलपे, पानदाने, चुन्याच्या डब्या, कुंकवाचे करंडे, फण्या, गंजिफाचे पत्ते, वाद्ये, हुक्के, शस्त्रे, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी. महाराष्ट्रापुरते न थांबता गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत अशा ठिकठिकाणच्या वस्तू त्यात आल्या. पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी चित्रकथी चित्रे हा या संग्रहाचा मोठा ठेवा मानला जातो. गावोगाव फिरून रामायण-महाभारतातल्या कथा सांगणारे कलावंत ती चित्रे एकेक करून प्रेक्षकांपुढे धरत. कथा सांगणारे कमी झाले तशी चित्रांची बाडेही निरुपयोगी ठरली. पुन्हा तोच मधला काळ.

अडकित्त्यांसमोर जरा थांबावे. यंत्र म्हणून अडकित्ता अगदी साधा आहे. एका टोकाला खीळ, तिच्याजवळ सुपारी, दुसऱ्या टोकाला हात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला तरफेचा दुसरा प्रकार म्हणून जो शिकवतात तोच हा. सुपारी फोडायला याहून जास्त काही लागत नाही. तरी कारागिराने त्या दोन दांड्यांचा कधी घोडा केला, कधी पोपट, कधी स्त्री-पुरुषाची जोडी. एक अडकित्ता पाहिला तर गंमत वाटते. रांगेने अनेक पाहिले की गाव बदलले तसा घाट कसा बदलला, हे दिसू लागते. संग्रहाचे सगळे इंगित या रांगेत आहे. सुटी वस्तू शोभेची असते. तिच्याच जातीच्या चाळीस वस्तू शेजारी ठेवल्या की ती बोलायला लागते.

वज्रीचेही तसेच. टाचा घासायची ही धातूची वस्तू न्हाणीघरात असायची, पाहुण्यांच्या दृष्टीस पडण्याचा तिचा प्रश्नच नव्हता. तरी तिच्या माथ्यावर पक्षी बसवायचे, जनावर बसवायचे. हे कोणासाठी केले असेल? पाय घासणाऱ्या बाईसाठीच. केळकरांच्या संग्रहातला बराच भाग बायकांच्या हाताखालच्या वस्तूंचा आहे, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच आहे. तलवारी कोणीही सांभाळून ठेवल्या असत्या.

या कामात पत्नी कमलाबाईंचा वाटा बरोबरीचा होता. घरात येणारी प्रत्येक वस्तू कुठे तरी ठेवावी लागते, घासावीपुसावी लागते आणि तिच्यावर गेलेला पैसा दुसऱ्या कशातून तरी वजा होतो. पेठेतल्या घरात काही हजार वस्तू येऊन पडणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी.

‘राजा’ कोण?

केळकर दांपत्याचा मुलगा राजा लहान वयातच गेला. त्याच्या स्मरणार्थ हा संग्रह त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. कविता लिहिताना स्वतःचे नाव झाकणाऱ्या माणसाचे नाव पाटीवर आले, तेही मुलाच्या नावामागे वडील म्हणून. संग्रहालयातून फिरताना हे लक्षात ठेवले तर खेळणी ठेवलेल्या कपाटासमोर पाय आपोआप रेंगाळतात.

मस्तानी महाल शुक्रवार पेठेत कसा आला?

पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. त्याचे उरलेले अवशेष केळकरांनी आणले आणि संग्रहालयात महालाची पुन्हा मांडणी केली. आज बहुतेक पर्यटक हे दालन पाहायलाच येतात.

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळता येत नाही. कोथरूडचा महाल कोथरूडला राहिला नाही. वस्तू वाचली, तिची जागा गेली. संग्राहक वस्तू वाचवतो तेव्हा तो तिला तिच्या घरातून उपटतही असतो. ज्या देवघरात समई तेवत होती ते देवघर तिच्याबरोबर येत नाही. केळकरांच्या बाजूने एवढे नक्की म्हणता येईल, की त्यांनी आणल्या नसत्या तर यातल्या बऱ्याचशा वस्तू जागेवर राहिल्या नसत्या, वितळल्या असत्या.

याचा पुरावा नदीकाठच्या पेठांत मिळतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेचे पाणी नारायण पेठ, शनिवार पेठेसह काठच्या वस्तीत शिरले. वाडे कोसळले. माळ्यावरचे, कोठीतले, ट्रंकांमधले जे होते ते चिखलात गेले. किती कागद, किती चित्रे, किती भांडी गेली याची मोजदाद कोणी करू शकले नाही, कारण त्या वस्तूंची आधी नोंदच नव्हती. १९६० पर्यंत केळकरांकडे सुमारे १५ हजार वस्तू जमल्या होत्या. पुरानंतरच्या वर्षी, १९६२ मध्ये, संग्रहालय म्हणून त्याची रीतसर स्थापना झाली.

संग्रह सरकारला का दिला?

खासगी संग्रहाचा खरा शत्रू वाळवी नसते, वाटणी असते. वाड्यांचे जे झाले तेच संग्रहांचे होते. पुढच्या पिढीत तीन हिस्से, त्यापुढे नऊ, मग एखादा हिस्सा विकला जातो आणि रांग तुटते. चाळीस अडकित्त्यांची रांग पाच घरांत विभागली, की पुन्हा सुटे अडकित्ते उरतात. १९७५ मध्ये केळकरांनी आपला संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. वयाची ऐंशी जवळ आलेली, मागे अर्धशतकाहून अधिक काळ जमवलेल्या वस्तू, आणि त्या विकून काय मिळाले असते याची त्यांच्याइतकी जाण दुसऱ्या कोणाला नसणार. तरीही त्यांनी हा निर्णय घेतला. त्यानंतर ते पंधरा वर्षे जगले. १७ एप्रिल १९९० रोजी, ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतीय दिव्यांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने काढले. जमवणाऱ्याने जमवलेल्याबद्दल लिहून ठेवावे, हेही त्यांनी केले.

आज कोणाला सुरुवात करायची असेल तर?

केळकरांना नसलेले काही नियम आज आहेत. पुरावस्तूंबाबतचा केंद्रीय कायदा १९७२ मध्ये झाला आणि १९७६ पासून लागू झाला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तू घरात बाळगायला बंदी नाही. मात्र दगड, धातू, लाकडाच्या मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या भावाला आजीची जुनी मूर्ती कुरिअरने पाठवण्याआधी हे माहीत असलेले बरे. हस्तिदंताची वस्तू कोणी विकायला आणली तर तिला हातही लावू नये. वन्यजीव कायद्याखाली तो व्यापार गुन्हा आहे. देवळातली वाटणारी मूर्ती स्वस्तात मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे याचा आधी विचार करावा.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार नवशिक्याला चांगली शाळा आहे. तिथे जुन्यासारखे दिसावे म्हणून काळे केलेले नवे पितळही भरपूर असते. त्यामुळे पहिले काही महिने नुसते बघत हिंडावे, वस्तू हातात घेऊन झीज कुठे आहे ते पाहावे. अडकित्ता खरोखर वापरलेला असेल तर पाते आणि बोटे बसतात ती जागा झिजलेली असते. पक्ष्याची चोचच तेवढी झिजली असेल, तर कोणी तरी कानस फिरवली आहे. जुन्याचाच आग्रह नसेल तर जिवंत कलावंताकडून घेणे अधिक चांगले. चित्रकथीच हवी असेल, तर सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजातले कलावंत आजही ती काढतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि वस्तू कुठून आली, कोणाकडून आली, ते त्यांच्या घरात कशासाठी वापरत, हे घेतल्या दिवशीच फोनमध्ये फोटोसह लिहून ठेवावे. याला एक रुपयाही लागत नाही. आणि मोडवाला ही माहिती वितळवू शकत नाही.

नारायण पेठेत सध्या एकामागून एक वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. पाडकाम सुरू झाले की दारात टेम्पो लागतो आणि त्यात पाण्याचे बंब, लोखंडी ट्रंका, शिवणयंत्रांचे पाय, पाटे-वरवंटे, टाइपरायटर भरले जातात. सगळे वजनावर. वापरातून गेलेल्या आणि अजून पुरातन न झालेल्या वस्तूंची ही ताजी खेप आहे.

नारायण पेठेतून केळकर संग्रहालयापर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटे लागतात. संग्रहात आता वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच एका वेळी मांडता येतात. मोठ्या इमारतीसाठी बावधनच्या जागेची चर्चा अनेक वर्षे सुरू आहे. बाकीचे दिवे, कुलपे आणि वज्र्या तूर्त कपाटात बंद आहेत.