संगणकाचे जनक चार्ल्स बॅबेज



आज कुणाला घरी संगणक जुळवायचा असला, तर तो शहरातल्या दुकानात जातो. एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीची मेमरी, तिसरीचा पंखा असे सुटे भाग पिशवीत घालून आणतो आणि चार स्क्रू आवळून यंत्र उभे करतो. वेगवेगळ्या देशांत बनलेले हे भाग एकमेकांत नेमके बसतात, याचे कुणाला नवल वाटत नाही. चार्ल्स बॅबेज यांचे चरित्र वाचल्यावर मला मात्र फार नवल वाटले. कारण त्यांच्या यंत्राचा एकही भाग दुकानात मिळणारा नव्हता.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. वडील सराफी पेढीवाले होते, त्यामुळे घरी काही कमी नव्हते. पण लहानपणी प्रकृती नाजूक, सारखे आजारपण. गणिताची गोडी मात्र उपजतच होती. पुढे ते केंब्रिजला शिकले. ज्या गादीवर पूर्वी न्यूटन होते, तेच गणिताचे प्राध्यापकपद त्यांना १८२८ साली मिळाले.

त्या काळी दर्यावर्दी लोक, खगोलशास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांना छापील गणिती कोष्टकांवर अवलंबून राहावे लागे. ही कोष्टके माणसे हाताने करीत. आकडेमोडीत चूक, उतरवून घेताना चूक, छापखान्यात खिळे जुळवताना पुन्हा चूक. अशा चुकीपायी जहाजाची वाटही चुकू शकते. १८२१ साली बॅबेज आणि त्यांचे मित्र जॉन हर्शेल अशीच कोष्टके तपासत बसले होते. पानोपानी चुका सापडू लागल्या. हे काम यंत्राने का होऊ नये, असा विचार बॅबेज यांच्या मनात तेव्हा पक्का झाला.

त्यांची युक्ती आपल्यालाही समजेल अशी आहे बरं का. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग लिहा. शेजारशेजारच्या संख्यांतले फरक काढा : ३, ५, ७, ९. आता या फरकांतले फरक काढा. प्रत्येक वेळी २! म्हणजे पुढच्या वर्गासाठी गुणाकार नकोच. ९ मध्ये २ मिळवा, ११ झाले. ते २५ मध्ये मिळवा, ३६ झाले. मी वहीत असे करत करत ४०० पर्यंत पोहोचले, एकही गुणाकार केला नाही. ज्या यंत्राला नुसती बेरीज येते, ते मोठमोठी कोष्टके करू शकते. म्हणून या यंत्राला फरकयंत्र म्हणतात.

प्रत्येक अंकासाठी ० ते ९ आकड्यांचे एक चाक. चाक नऊवरून शून्यावर आले की शेजारच्या चाकाला एक घर पुढे सरकवायचे, म्हणजेच हातचा द्यायचा. हातचा देणे हेच सगळ्यांत अवघड काम होते. १८२२ साली बॅबेज यांनी एक छोटा नमुना करून दाखवला. १८२३ साली सरकारने १,५०० पौंड मंजूर केले आणि कामाला सुरुवात झाली.

खरी अडचण आता आली. पूर्ण यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते. त्यांतले शेकडो भाग अगदी एकसारखे हवेत. पण त्या काळी कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून जागेवर बसवी. एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्या कारखान्याच्या नटात जात नसे, कारण आट्यांचे माप ज्याचे त्याचे वेगळे. म्हणजे भाग बनवायच्या आधी ते बनवणारी हत्यारेच बनवावी लागणार होती.

हे काम जोसेफ क्लेमंट यांनी अंगावर घेतले. या चरित्रातला मला सर्वांत आवडलेला माणूस हाच. हातमागावर कापड विणणाऱ्याचा हा मुलगा. तरुणपणी घरे शाकारायची कामे केली, गावच्या लोहाराकडे लोखंडकाम शिकला आणि पुढे लंडनमध्ये पहिल्या प्रतीचा कारागीर झाला. त्यांनी नवे लेथ आणि नवी हत्यारे तयार केली. १८३२ साली यंत्राचा सुमारे सातवा हिस्सा जुळला. त्यात जवळजवळ २,००० भाग होते आणि तो बिनचूक चालत असे.

या काळात बॅबेज यांच्यावर मोठे दुःख कोसळले होते. १८२७ या एकाच वर्षी वडील, पत्नी आणि मुलगा गेले. तरी त्यांनी काम सोडले नाही.

पण १८३३ साली दोघांचे बिनसले. कारखाना बॅबेज यांच्या घराजवळ हलवायचा होता आणि क्लेमंट यांना त्याची भरपाई हवी होती. काम थांबले. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे हत्यारे कारागिराची, म्हणून ती क्लेमंट यांच्याकडेच राहिली. शेवटी १८४२ साली सरकारने नाद सोडला. तोवर सरकारचे १७,००० पौंडांहून अधिक खर्च झाले होते. बॅबेज यांनीही पदरमोड केली होती. सुमारे १२,००० भाग तयार होते. त्यांतले बहुतेक पुढे मोडीत वितळवले गेले.

तरी बॅबेज हरले नाहीत. १८३४ पासून ते त्याहून मोठ्या यंत्राचा विचार करू लागले. त्यात आकडे साठवायला एक भाग आणि हिशेब करायला दुसरा भाग होता. फ्रान्समध्ये जॅकार यांच्या मागावर नक्षी उठवायला भोके पाडलेले पुठ्ठे वापरत. तसेच पुठ्ठे घालून यंत्राला हुकूम द्यायचे, असे त्यांनी ठरवले. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली या यंत्रावर विस्तृत टिपा लिहिल्या. हेही यंत्र पुरे झाले नाही. पण आजच्या संगणकाची मांडणी त्यात दिसते, म्हणून बॅबेज यांना संगणकाचे जनक म्हणतात. १८४७ ते १८४९ या काळात त्यांनी दुसऱ्या, सुटसुटीत फरकयंत्राचे बारीकसारीक नकाशे काढले. सरकारने तेही नाकारले. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज वारले.

अनेकांचा समज असा होता, की त्या काळी इतके अचूक भाग बनणेच शक्य नव्हते. मग लंडनच्या सायन्स म्युझियमने त्या दुसऱ्या यंत्राचे नकाशे काढले. भाग नव्या यंत्रांवर केले, पण अचूकपणा बॅबेज यांच्या काळात जमण्याजोगाच ठेवला. १९९१ साली ४,००० भागांचे ते यंत्र उभे राहिले आणि ३१ अंकी उत्तरे बिनचूक देऊ लागले. २००२ साली त्याचा छपाईचा भागही पुरा झाला. म्हणजे कल्पना खरी होती, नकाशेही खरे होते. पैसा, धीर आणि माणसामाणसांतला मेळ कमी पडला.

क्लेमंट यांची मेहनतही वाया गेली नाही. त्यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे एकच माप सगळ्यांनी ठेवावे असे सुचवले आणि ते पुढे रूढ झाले. कुठलाही स्क्रू कुठल्याही नटात बसावा, ही सोय अशी कारागिरांच्या हातून आली.

आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या घरी सुतारकी, लोहारकी, गवंडीकाम चालते. पालकहो, नकाशा काढणारा मोठा आणि कानस चालवणारा लहान, असे मुळीच नाही. दोघांचे जमले तर यंत्र चालते, नाही जमले तर ते दीडशे वर्षे कागदावर राहते. आपण मुलांनीही शाळेतला एखादा प्रयोग अर्धा राहिला तर त्याची आकृती आणि मापे वहीत नीट लिहून ठेवू या. पुढे कुणीतरी तो पुरा करील.

– इयत्ता सातवी