शेवटचा न्याय आणि नीळकंठशास्त्री गोरे

ज्या निकालावर अपील नाही, फेरविचाराचा अर्ज नाही आणि मुदतीचा कायदाही ज्यास लागू नाही, असा एक निकाल ख्रिस्ती शास्त्रात सांगितला आहे. जगाच्या अंती सर्व मृत उठतील, येशू ख्रिस्त न्यायासनावर बसेल, ज्यांत प्रत्येकाची कृत्ये लिहिली आहेत ती पुस्तके उघडली जातील, आणि काहींस अक्षय सुख व काहींस अक्षय दंड मिळेल, असे ते शास्त्र म्हणते. आमच्या व्यापारी वाचकांस यातली वहीखात्याची गोष्ट नवी वाटणार नाही. चित्रगुप्ताची वही आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक असते. भेद आहे तो वहीत नाही, बाकीत आहे. आपल्या शास्त्राप्रमाणे या जन्मीची बाकी पुढील जन्मी ओढता येते. पुण्य सरले की स्वर्ग सुटतो आणि पाप फिटले की नरकही सुटतो. ख्रिस्ती मताप्रमाणे खाते एकाच जन्माचे, आणि ते एकदा बंद झाले की कायमचे बंद. हा भेद ज्या एका महाराष्ट्रीय ब्राह्मणाच्या काळजात जन्मभर काट्यासारखा सलत राहिला, त्या नीळकंठशास्त्री गोरे यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. चांद्याच्या लोकांस तर त्यांची ओळख असलीच पाहिजे. कारण येथील ख्रिस्ती मिशनाच्या आरंभी हा पुरुष आपल्याच गावी राहून गेला आहे.

गोरे हे चित्पावन ब्राह्मण. त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झांशीकडील काशीपुरा या गावी झाला. घराणे बांद्याच्या नवाबाच्या पदरी चाकरी केलेले, आणि पुढे काशीस स्थायिक झालेले. काशीतील महाराष्ट्रीय पंडितांची परंपरा मोठी. तीत हा तरुण न्याय व व्याकरण शिकून तयार झाला. विसावे वर्ष लागले न लागले तोच त्याच्या हाती जॉन म्यूर या इंग्रज अधिकाऱ्याचा संस्कृत ग्रंथ पडला. 'मतपरीक्षा' हे त्याचे नाव; हिंदुधर्म बुद्धीस कसा पटत नाही आणि ख्रिस्ती धर्म कसा पटतो, हे त्यात श्लोकबद्ध सांगितले होते. त्यास तीन पंडितांनी उत्तरे दिली. त्यांतील शेवटचे व आमच्या मते सर्वांत धारदार उत्तर नीळकंठशास्त्र्यांचे, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. हा ग्रंथ १८४४-४५ च्या सुमाराचा.

त्यातील आक्षेप आजही कोणत्याही न्यायालयात मांडता येतील असे आहेत. मनुष्याचे पाप मर्यादित काळाचे. मग त्याला अमर्याद काळाचा दंड कोणत्या न्यायाने? एक राजवाड्यात जन्मतो, दुसरा झोपडीत आंधळा जन्मतो. पूर्वजन्म नसेल तर हा पक्षपात कोणाचा? आणि ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नावही कधी पडले नाही, त्यांस त्या नावावर विश्वास ठेवला नाही म्हणून दोषी कसे धरावे? ज्या हुकुमाची बजावणीच झाली नाही, त्याची अवज्ञा झाली असे कोणता न्यायाधीश म्हणेल?

हा फिर्यादीच पुढे प्रतिपक्षास जाऊन मिळाला. काशीतील विल्यम स्मिथ नामक मिशनऱ्याशी वाद घालण्यास म्हणून ते गेले. तेथे मिळालेले बायबल खंडनासाठी वाचू लागले, आणि वाचता वाचता खंडनाची इच्छा मावळली. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन प्रथम हलले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. त्या काळी याचा अर्थ काय होता हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. घर तुटले, जात तुटली. १८५३ साली त्यांस एक कन्या झाली आणि थोड्याच काळात पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या. ती मुलगी परक्या घरी, युरोपियन कुटुंबांत वाढली.

१८५४ साली पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीपसिंग विलायतेस गेला, त्याच्याबरोबर गोरेही गेले. ज्या देशातून आपणांस हा धर्म मिळाला तेथे घरोघर त्याचे आचरण चाललेले दिसेल, अशी त्यांची भोळी अपेक्षा होती. दिसले ते निराळेच. ऑक्सफर्ड येथे माक्स म्युल्लर यांस ते भेटले, तेव्हा त्यांचे मन फार खिन्न होते, अशी आठवण त्या पंडिताने नमूद करून ठेवली आहे. आम्हांस यात नवल वाटत नाही. जेत्या राष्ट्राच्या वैभवावरून त्याच्या धर्माची परीक्षा करू नये, तशीच जित राष्ट्राच्या दैन्यावरूनही करू नये. परंतु त्या काळचे पुष्कळ पाद्री व अधिकारी इंग्रज सरकारचे न्यायासन आणि देवाचे न्यायासन यांत फारसे अंतर मानीत नसत. गोऱ्यांनी ते अंतर डोळ्यांनी पाहिले, आणि तरीही धर्म सोडला नाही. १८५५ मध्ये ते स्वदेशी परतले. १८६० साली त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ निघाला. दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले.

परंतु तो जुना काटा निघाला नव्हता. १८६८ साली कलकत्त्यास त्यांनी अनंत दंडाच्या सिद्धान्तावरील आक्षेपांचा परामर्श घेणारा इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. विसाव्या वर्षी ज्याने फिर्याद लिहिली त्यानेच त्रेचाळिसाव्या वर्षी बचावाची कैफियत लिहावी, हा प्रकार वकिलीत निषिद्ध; पण धर्मजिज्ञासेत तो प्रामाणिकपणाचाच पुरावा आहे. त्यांच्या उत्तरवयातील विचाराचा रोख असा, की मानवी बुद्धीला स्वबळावर पापाचे खरे वजन करता येत नाही. म्हणून ईश्वराने जे प्रकट केले व पुरातन मंडळीने जे परंपरेने जपले, ते प्रमाण मानावे. आरोपीनेच आपल्या अपराधाची शिक्षा ठरवू नये, असे हे म्हणणे. आम्हांस ते पटत नाही. आरोपीने शिक्षा ठरवू नये हे खरे. पण शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी असे म्हणण्याचा हक्क त्यास असतोच, आणि तोच हक्क तरुण नीळकंठाने बजावला होता. ब्राह्मसमाजाची मंडळी हाच मुद्दा धरून बसली होती. ईश्वराचा दंड सुधारण्यासाठी असतो, सूड उगवण्यासाठी नसतो, असे ती म्हणत. १८७५ च्या सुमारास मुंबई व पुणे येथे गोऱ्यांनी त्या मताच्या लोकांपुढे व्याख्याने देऊन त्यांचे खंडन केले. व्याख्यानांस गर्दी होई की नाही ते असो. प्रतिपक्षाचे म्हणणे एवढे अंतर्बाह्य जाणणारा वक्ता मात्र विरळा.

१८७० साली त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि त्यानंतर लवकरच, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीच्या कार्यासाठी, ते चांद्यास आले. त्या वेळी चांद्यापर्यंत लोहमार्ग नव्हता. जटपुरा, पठाणपुरा, अचलेश्वर आणि बिनबा या चार मोठ्या दरवाज्यांचा गोंडराजांचा परकोट, महाकालीचे देवालय, बाहेर झरपट व इरई नद्या, आणि पूर्वेस वैनगंगेपलीकडे आजचा गडचिरोली जिल्हा ज्यात मोडतो ते अफाट अरण्य. चैत्रात महाकालीच्या यात्रेस दूरदूरचे लोक येत. न्यायासन म्हणजे काय, याचीही चांद्यास ताजी आठवण होती. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांस चांद्याच्या तुरुंगाजवळ फाशी देण्यात आले, त्यास जेमतेम बारा-पंधरा वर्षे झाली होती. सरकारच्या दफ्तरात तो बंडखोर. लोकांच्या मनात तो वीर. आणि लोकांचा निकाल सरकारच्या निकालाहून अधिक टिकला, हे आज कोणीही पाहू शकतो.

अशा मुलखात शेवटच्या न्यायाचा उपदेश करावयाचा म्हणजे नीळकंठशास्त्र्यांचा तिसरा आक्षेप साक्षात समोर उभा राहिला म्हणावयाचा. भामरागडकडील माडिया लोक आपल्या मृतांच्या नावाने दगड उभे करतात. मेलेला मनुष्य आपल्या कुळाच्या पूर्वजांत जाऊन मिळतो, अशी त्यांची समजूत. त्यात न्यायाधीश नाही, आरोप नाही, अनंत दंड तर नाहीच. ज्यांनी ख्रिस्ताचे नाव ऐकले नाही असे लोक काशीच्या पंडिताने तर्काने कल्पिले होते. येथे ते हजारोंनी नांदत होते. मिशनाची सगळी धावपळ याच विचारातून निघते हे आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावे. खाते एकाच जन्मात बंद होणार असेल, तर ज्यास हे ठाऊक झाले त्याने शेजाऱ्यास सावध केलेच पाहिजे. न केल्यास तोही दोषी. सगळेच पाद्री केवळ संख्या वाढविण्यासाठी फिरतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, याच शास्त्रात पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात असेही म्हटले आहे की, ज्यांस नियमशास्त्र मिळाले नाही त्यांचा न्याय त्यांच्या अंतःकरणात लिहिलेल्या नियमाप्रमाणे होईल. हा मुद्दा उपदेशकांनी अधिक मोठ्याने सांगितला असता तर अरण्यातील लोकांचा व त्यांचा संबंध कदाचित निराळा झाला असता.

श्रद्धावंतांचे त्या न्यायात काय काम, याविषयी ख्रिस्ती शास्त्रात दोन प्रवाह आहेत, आणि आमच्या मते गोऱ्यांच्या चरित्राचे मर्म या दोहोंच्या मधे आहे. पहिला प्रवाह श्रद्धावंतांस न्यायासनावर बसवितो. बारा शिष्य बारा आसनांवर बसून इस्राएलाच्या बारा वंशांचा न्याय करतील, असे एका ठिकाणी आहे. प्रकटीकरणाच्या ग्रंथात ख्रिस्तासह हजार वर्षे राज्य करणारे भक्त आहेत. आणि पौल तर करिंथकरांस सांगतो की, पुढे जगाचा, किंबहुना देवदूतांचाही न्याय तुम्हांस करावयाचा आहे, मग आपसांतले क्षुल्लक तंटे परक्यांच्या कचेरीत कशाला नेता? हा उपदेश अक्षरशः पाळला गेला असता तर आमच्या धंद्याचे बरेच नुकसान झाले असते. सुदैवाने किंवा दुर्दैवाने ख्रिस्ती पक्षकार इतरांइतकेच कोर्टाची पायरी चढतात. दुसरा प्रवाह याच्या अगदी उलट. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा मेंढरे व शेरडे निवडावी तशी माणसे निवडतो, आणि विचारतो ते एवढेच की भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र दिले काय, आजाऱ्यास व बंदिवानास भेटला काय. तेथे उत्तीर्ण झालेल्यांस आपण काही केले हेच ठाऊक नसते, आणि आपण भक्त आहो अशी ज्यांची खात्री होती त्यांस बाहेरची वाट दाखविली जाते.

गोरे पहिल्या प्रवाहाच्या वाटेने न्यायासनाकडे सरकले नाहीत. पुढे ऑक्सफर्डजवळच्या कौली येथील सेंट जॉनच्या संन्यस्त संघात ते शिरले, परंतु शेवटची शपथ त्यांनी कधीच घेतली नाही. अखेरपर्यंत ते उमेदवारच राहिले. फकिरासारखे राहणे, थोडके खाणे, आणि आपली श्रद्धा खरी की भ्रम, अशी पुनःपुन्हा स्वतःचीच उलटतपासणी करणे, हा त्यांचा क्रम. संशयाने त्यांस जन्मभर सोडले नाही. दुसऱ्यास खात्रीने उपदेश करणारा हा मनुष्य स्वतःस मात्र नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करी.

पंडिता रमाबाईंच्या मनावर ज्यांच्या लेखणीचा मोठा परिणाम झाला ते हेच फादर गोरे. रमाबाई पुण्यास असता त्यांचा परिचय झाला. पुढे त्यांच्या लेखनाने आपले संशय फिटले असे रमाबाईंनी सांगितले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण शिष्या गुरूहून निराळी निघाली. मंडळीची परंपरा म्हणून कोणतेही सूत्र डोळे मिटून स्वीकारण्यास त्यांनी साफ नकार दिला. अथानासियाचे म्हणून जे मतसूत्र आहे, त्यात न मानणाऱ्यांचा कायमचा नाश होईल असे शब्द आहेत. ते सूत्रही त्यांनी मानले नाही. वाँटेजच्या भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांची ही स्वतंत्र वृत्ती स्पष्ट दिसते. गोऱ्यांनी बुद्धीस परंपरेच्या स्वाधीन केले. रमाबाईंनी बुद्धी स्वतःजवळच ठेवली. आम्ही रमाबाईंच्या बाजूचे.

या कौलीच्या संघाचेच पुण्यास पंचहौद मिशन. तेथे १४ ऑक्टोबर १८९० रोजी गोपाळराव जोशी यांनी पुण्याची काही प्रतिष्ठित मंडळी नेली, व्याख्यानानंतर चहाबिस्किटे पुढे आली, आणि नंतर त्या सर्वांची नावे छापून आली. त्यावरून केवढे काहूर उठले! शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशीस शास्त्री नेमले गेले, टिळक व रानडे यांच्यासारख्यांसही प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. न्यायमूर्ती रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले याचे वाईट त्यांच्याच अनुयायांस अधिक वाटले. ख्रिस्ती लोकांच्या अनंत दंडास आम्ही क्रूर म्हणतो. पण एका पेल्याच्या अपराधाबद्दल बापास मुलाच्या पंक्तीतून उठविणारा आमचा दंड कोणत्या प्रमाणात मोजावा? निदान त्यांच्या शास्त्रात न्याय करणारा ईश्वर तरी आहे. आमच्याकडे गल्लीतला प्रत्येक जण ते आसन रिकामे दिसताच त्यावर चढून बसत असे, आणि सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने अगदी अलीकडे, म्हणजे २०१६ सालचा म्हणून, केला, यावरून ती खोड किती चिवट आहे हे दिसते.

धर्म बदलणाऱ्यास या चांद्याने नंतर आणखी एकदा, आणि फार मोठ्या संख्येने, पाहिले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉक्टर आंबेडकरांनी येथे लाखो लोकांस बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या धम्मात न्यायासनावर बसणारा ईश्वरच नाही. एकट्या गोऱ्यांच्या बाप्तिस्म्याशी या घटनेची तुलना होणार नाही. पण ज्यास जे खरे वाटले त्याने ते उघडपणे स्वीकारावे आणि त्याबद्दल शेजाऱ्यांचा दंड भोगावा लागू नये, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

गोरे यांचा अंत २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईस झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच मुंबईत, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. गोऱ्यांची कन्या एलेन लक्ष्मी विलायतेत शिकून १८८० साली हिंदुस्थानास परतली व येथील स्त्रियांच्या सेवेस लागली; तिची इंग्रजी भक्तिगीते अजून प्रार्थनामंदिरांत गायिली जातात. ईश्वराच्या सान्निध्यात लपून राहण्याचे सुख हा तिच्या सर्वांत प्रसिद्ध गीताचा विषय आहे.