सलीम अली : मेलेली चिमणी घेऊन आलेल्या मुलानं पुढे तीच संस्था कशी वाचवली?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ तारखेला डॉ. सलीम अली यांचा. शाळांमध्ये कार्यक्रम होतात आणि सकाळी सकाळी तलावांवर दुर्बिणी घेतलेली मंडळी दिसतात.

सलीम अली म्हणजे 'भारताचे बर्डमॅन', एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण पक्ष्यांवर पुस्तकं लिहिणं हे त्यांचं अर्धंच काम होतं. बाकीचं अर्धं काम म्हणजे मुंबईतली एक संस्था जगवणं. ती संस्था म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, अर्थात बीएनएचएस.

आठ जणांनी सुरू केलेली संस्था

बीएनएचएसची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी झाली. आठ हौशी मंडळी एकत्र आली होती. त्यात बहुतेक इंग्रज असले, तरी दोन नावं आपल्याकडची होती: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. जमवलेले नमुने एकमेकांना दाखवायचे, निरीक्षणांची टिपणं वाचायची, असा हा कारभार होता. पुढे संस्थेनं स्वतःचं नियतकालिक काढलं आणि नमुन्यांचा मोठा संग्रह उभा केला.

छर्ऱ्याची बंदूक आणि चिमणी

सलीम अलींचा जन्म १८९६ चा, मुंबईतला. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी भावंडांना सांभाळलं. मामांना शिकारीचा नाद होता. त्यामुळे सलीमच्या हातात लहानपणीच छर्ऱ्याची बंदूक आली.

दहा-बारा वर्षांच्या सलीमनं एक दिवस एक चिमणी मारली. उचलून पाहिली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कुठली चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. ते बीएनएचएसचे सभासद होते. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि मुलाला संग्रहाचे कप्पे उघडून दाखवले. आपल्या आसपास एवढे पक्षी असतात, हे त्या मुलानं पहिल्यांदाच पाहिलं. पक्ष्याची कातडी काढून ती कशी जपायची, टिपणं कशी ठेवायची, हेही तो पुढे तिथेच शिकला.

डिग्री नाही म्हणून नोकरी नाही

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात भावाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात गेले. तिथे धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले. परत आल्यावर १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी लग्न झालं.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षीतज्ज्ञाची जागा विद्यापीठाची पदवी नसल्यानं हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाइड-लेक्चररची नोकरी लागली. तिथून रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेसमान या नामांकित पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तर काय, पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

मुंबईतला खर्च परवडेना. मग दोघं अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेली.

किहीमची सुगरण

किहीमच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार सलीम अली पावसाळ्याचे महिने ती वसाहत बघत बसले.

मराठीत या पक्ष्याला 'सुगरण' म्हणतात. घर बांधायचं ते बाईनंच, हे नावातच गृहीत धरलंय. पण घरटं विणतो तो नर! अर्धं घरटं तयार झालं की माद्या पाहणी करायला येतात. एखादीला पसंत पडलं तर नर ते पूर्ण करतो, मादी अंडी घालते आणि नर दुसऱ्या मादीसाठी नवीन घरटं विणायला घेतो. सलीम अलींनी हा सगळा प्रकार बारकाईनं नोंदवला आणि त्यांचा लेख बीएनएचएसच्या नियतकालिकात छापून आला. जिवंत पक्ष्याला त्याच्या जागी बघत राहणं हेही शास्त्र आहे, हे त्यातून दिसलं.

पगार नको, खर्च द्या

अनेक संस्थानांतल्या पक्ष्यांची तोवर नीट पाहणी झालेली नव्हती. सलीम अलींनी देऊ केलं की मी पगार घेणार नाही, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. बीएनएचएसमार्फत हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर अशा संस्थानांत पाहण्या झाल्या. मुक्कामाची व्यवस्था तहमिना बघायच्या.

या पाहण्यांमध्ये त्यांनी पक्षी मारलेही. त्या काळी खात्रीनं ओळख पटवायला पक्षी हातातच लागायचा.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. ते बहीण आणि मेहुण्यांकडे पाली हिलला राहू लागले. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे रंगीत चित्रांचं पुस्तक आलं. सामान्य माणसाला दारातला पक्षी ओळखता येऊ लागला.

संस्था बंद पडायची वेळ आली

१९४७ नंतर इंग्रज सभासद मायदेशी निघाले. त्यांच्यासोबत वर्गण्या आणि देणग्याही आटल्या. बीएनएचएसचं काम थांबायची चिन्हं दिसू लागली. तेव्हा सलीम अलींनी संस्थेची सूत्रं हातात घेतली. पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून त्यांनी मदत मिळवली आणि शंभरीकडे चाललेली संस्था तगली.

१९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. स्थलांतरित पक्षी रोगाचे विषाणू आणतात का, हे तपासायचं होतं. प्रत्येक कड्यावर नंबर आणि मुंबईच्या संस्थेला कळवण्याची सूचना असायची. त्यातून इथले पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात, याचे पुरावे मिळू लागले.

१९७६ मध्ये त्यांना ५० हजार डॉलर्सचा जे. पॉल गेटी पुरस्कार जाहीर झाला. तो पैसा त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या कामासाठी संस्थेच्या निधीला दिला.

भरतपूर : यश आणि एक चुकलेला अंदाज

राजस्थानातलं भरतपूर ही महाराजांची शिकारीची जागा. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीनं तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. योगायोग म्हणजे तो सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर तिथलं पाणी काढून शेतीला जमीन द्यावी, अशी मागणी झाली. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत शब्द टाकला आणि ती पाणथळ जागा वाचली. आज ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. तिथे गुरं चारायला बंदी घालावी, असं सलीम अली आणि बीएनएचएसचं मत होतं. १९८२ मध्ये बंदी आली, गावकऱ्यांनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली.

त्याच काळात बीएनएचएसचे शास्त्रज्ञ तिथे दीर्घ अभ्यास करत होते. त्यात उलटंच निघालं. म्हशी चरेनाशा झाल्यावर पाण्यातलं गवत माजलं, मोकळं पाणी कमी झालं आणि बदकांची जागा गेली. म्हशींची तिथे गरज होती. १९९१ मध्ये या अभ्यासाचा अहवाल आला, तेव्हा सलीम अलींना जाऊन चार वर्षं झाली होती.

आपल्याच सर्वांत मोठ्या माणसाचं मत चुकीचं होतं, हे बीएनएचएसनं आकडे मांडून दाखवलं. आधी पाहा, मोजा, लिहून ठेवा, मग बोला, ही शिस्त संस्थेत रुजवण्यात सलीम अलींचाच मोठा वाटा होता.