आकड्यांवर पहारा ठेवणारा संख्याशास्त्रज्ञ

गरिबांची संख्या असो की पिकाचा उतारा, शासनाचे अंदाज अखेर कोणा अन्वेषकाने खेड्यात जाऊन भरलेल्या तक्त्यावर उभे असतात. तो तक्ता झाडाखाली बसून मनाने भरला गेला असेल, तर पुढचे सारे गणित अचूक असूनही निष्कर्ष खोटा ठरतो. हा धोका ओळखून त्यावर शास्त्रीय उपाय योजणारे थोर संख्याशास्त्रज्ञ म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस.

२९ जून १८९३ रोजी कलकत्त्यात जन्मलेले महालनोबिस मूळचे पदार्थविज्ञानाचे. केंब्रिजहून परतताना 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाचे अंक त्यांच्या हाती आले आणि आयुष्याची दिशा पालटली. १९३१ साली त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली. १९३७ पासून बंगालमधील तागाच्या लागवडीच्या नमुना पाहण्या सुरू झाल्या, आणि नमुना निवडण्यातील चुकीइतकीच माणसाच्या हातून होणारी चूकही मोजली पाहिजे, हे त्यांना उमगले.

त्यासाठी त्यांनी योजलेली युक्ती साधी होती. एकाच प्रदेशातून यदृच्छ पद्धतीने दोन उपनमुने निवडावयाचे आणि ते दोन स्वतंत्र पथकांकडे सोपवावयाचे. दोहोंचे निष्कर्ष थोडेफार भिन्न असणारच; परंतु योगायोगाने पडू शकेल त्याहून अधिक अंतर पडले, तर दोष कामात आहे असे समजून चौकशी करावयाची. कारखान्यातील मालाच्या गुणवत्ता-नियंत्रणासाठी अमेरिकेच्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली मांडलेल्या नियंत्रण-आलेखामागेही हेच तत्त्व होते. पुढे १९४७-४८ मध्ये संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतात येऊन गेले. महालनोबिस यांनी मात्र हा न्याय यंत्राला नव्हे, माहिती गोळा करणाऱ्या माणसाला लावला. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ही पद्धत आली.

या उपायाला मर्यादा होती. दोन्ही पथके एकच चूक करीत असतील, तर त्यांच्या निष्कर्षांत अंतर पडत नाही. पीक-कापणीच्या पाहणीत महालनोबिस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते होते. अशा तुकड्यांत कडेची रोपे आत धरली जाऊन उतारा फुगतो, असा आक्षेप सातारा जिल्ह्यातून आलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी घेतला. हा वाद दीर्घकाळ चालला. मोजणीच्या पद्धतीचीही स्वतंत्र परीक्षा हवी, हा धडा त्यातून मिळाला.

२८ जून १९७२ रोजी महालनोबिस निवर्तले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. २००७ पासून त्यांचा जन्मदिन संख्याशास्त्र दिन म्हणून पाळला जातो. परंतु योजना बदलतात, मागे पडतात. आकडा प्रसिद्ध करणाऱ्याने त्यातील संभाव्य चूकही सांगितली पाहिजे, हा त्यांचा आग्रह मात्र टिकणारा आहे. ज्या गरिबाच्या नावाने आकडे मांडले जातात, त्याला ते स्वतः तपासता येत नाहीत. म्हणूनच त्यांच्यावर पहारा ठेवणे हे केवळ गणिताचे नव्हे, न्यायाचेही काम आहे.