बेगम हजरत महल : लखनऊच्या वेढ्यातून उभं राहिलेलं नेतृत्व

आपल्यापैकी अनेकांना बेगम हजरत महल हे नाव कुठून माहीत आहे? नववी ते बारावीच्या अल्पसंख्याक मुलींसाठी या नावाची शिष्यवृत्ती होती, तिच्या फॉर्मवरून. फॉर्म भरला, कागदपत्रं जोडली, पण या बेगम कोण होत्या हे मुलींना कुणी सांगितलंच नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी.

फैजाबादच्या साध्या घरातली ही मुलगी, मूळ नाव मुहम्मदी खानम. अवधच्या दरबारात ती वाजिद अली शाह यांची बेगम झाली. फेब्रुवारी 1856 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कारभार बिघडल्याचं कारण देत अवध खालसा केलं. नवाब कोलकात्याला गेले, बेगम मुलासह लखनऊमध्येच राहिल्या.

30 जून 1857 रोजी चिनहटला इंग्रजांचा पराभव झाला. उरलेले इंग्रज आणि त्यांच्या बाजूचे हिंदी शिपाई रेसिडेन्सीत शिरले आणि सुरू झाला लखनऊचा प्रसिद्ध वेढा. शिपायांना आता गरज होती राजाची. जुलैच्या सुरुवातीला बेगमच्या मुलाला, बिरजिस कद्र याला, गादीवर बसवलं गेलं. तो जेमतेम बारा वर्षांचा होता, त्यामुळे सगळा कारभार बेगमकडे आला.

शाळेच्या पुस्तकात वेढा म्हणजे तोफा आणि भिंती. पण भिंतीबाहेर एक सरकार चालू होतं. फौजेचा पगार, रसद, तालुकदारांना पत्रं, सगळं बेगमच्या दरबारातून चालायचं. शरफुद्दौला, महाराजा बालकृष्ण, राजा जयलाल सिंह अशी माणसं एकाच दरबारात बसत. हिंदू-मुस्लिम एकी तिथं भाषणाचा विषय नव्हती, रोजचं काम होतं. मतभेदही होते. मौलवी अहमदुल्लाह शाह यांचा गट आणि दरबार यांच्यात ताण होता आणि त्याचं नुकसान लढ्याला झालं, हेही आपण लपवू नये.

सप्टेंबरमध्ये हॅवलॉक आणि आउट्रम आत पोहोचले, पण वेढा उठला नाही. नोव्हेंबरमध्ये कॉलिन कॅम्पबेलने सिकंदर बागेत भयंकर कत्तल करत वाट काढली आणि अडकलेल्यांना बाहेर नेलं. शहर मात्र बेगमच्याच हाती राहिलं. मार्च 1858 मध्ये मोठी फौज घेऊन तो परत आला, तेव्हा लखनऊ पडलं आणि कैसरबाग लुटली गेली.

बेगम शरण गेल्या नाहीत. 1 नोव्हेंबर 1858 ला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला, त्यात माफी होती. बेगमने उलट जाहीरनामा काढला. कंपनीने मोडलेले करार त्यांनी एकेक करून मोजून दाखवले आणि अशा राजवटीच्या वचनावर विश्वास ठेवू नका, असं लोकांना बजावलं. रस्ते-कालवे बांधायला मजुरी, यापलीकडे हिंदी माणसाला काय मिळणार, हा त्यांचा सवाल होता. शेवटी त्या नेपाळला गेल्या. बिठूरचे नानासाहेब पेशवेही त्याच सुमारास नेपाळच्या तराईत उतरले होते. 1879 मध्ये काठमांडूत बेगमचा इंतकाल झाला. त्यांची कबर तिथल्या जामा मशिदीजवळ आहे.

या वेढ्याची आठवण इंग्रजांनी आपल्या पद्धतीने जपली. रेसिडेन्सीच्या पडक्या इमारतीवर त्यांचा झेंडा ऑगस्ट 1947 पर्यंत दिवसरात्र फडकत होता. आपण 1962 मध्ये लखनऊच्या व्हिक्टोरिया पार्कला बेगमचं नाव दिलं, 1984 मध्ये टपाल तिकीट काढलं. पण नाव देणं आणि इतिहास सांगणं यात फरक आहे.

लखनऊचा वेढा आत अडकलेल्यांच्या सुटकेची गोष्ट म्हणूनच सांगितला गेला, तर ज्यांचा मुलूख गेला होता ते त्यातून गायब होतात. राज्य गेलं, नवरा दूर गेला, तरी एका बाईने आठ महिने राजधानी सांभाळली, ही गोष्ट आपल्या मुलींना आणि मुलांनाही माहीत हवी. योजना येतात, बंद पडतात. हा इतिहास घरात सांगायला मात्र कुठलाच फॉर्म लागत नाही.